‘एकूण प्रभाव’ : वीस गुण

माझ्या कपाटात एक जुनी गुणपत्रिका आहे. फुलस्केप कागद, खाली कार्बन ठेवून काढलेली दुसरी प्रत, शाई आता जांभळट झालेली. वर आडवे पाच रकाने : स्वर, ताल, शब्दोच्चार, विषयाची मांडणी आणि एकूण प्रभाव. प्रत्येकाला वीस गुण. खाली परीक्षक म्हणून माझी सही. नागऱ्याहून तासाभराच्या वाटेवरच्या एका गावात झालेल्या खंजिरी भजनाच्या स्पर्धेची ही पत्रिका आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आमच्या भागात खंजिरी घराघरात पोहोचली. धान घरात आले, थंडी पडली की भजन मंडळांच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. मांडवात सतरंज्या अंथरल्या जातात, एका टेबलावर तीन परीक्षक बसतात, आणि रात्र सरेपर्यंत एकामागून एक मंडळे येऊन गातात. मराठीचा शिक्षक म्हणून त्या टेबलावर मी अनेक वर्षे बसलो.

त्या रात्री शेवटी दोन मंडळे उरली होती. एक यजमान गावचे, एक नदीपलीकडचे. पहिल्या चार रकान्यांत माझ्या पत्रिकेवर नदीपलीकडचे मंडळ दोन गुणांनी पुढे होते. पाचवा रकाना भरायच्या आधी चहा आला आणि चहाबरोबर आयोजकांपैकी एकजण येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, आपल्या पोरांकडं जरा पाहा जी.” मी काही बोललो नाही. ‘एकूण प्रभाव’ या रकान्यात यजमानांना सतरा आणि दुसऱ्या मंडळाला बारा गुण दिले. तिघांची बेरीज झाली तेव्हा यजमान मंडळ दोन गुणांनी जिंकले. माझ्या पाच गुणांवर निकाल फिरला होता.

बक्षीस समारंभ संपल्यावर हरलेल्या मंडळाचा म्हातारा खंजिरीवादक माझ्याकडे आला. तक्रार करायला नाही. हात जोडून त्याने एवढेच विचारले, “गुरुजी, आमी कोठं चुकलो तेवढं सांगा जी. पुढच्या बारीला सुधारू.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. “तयारी चांगली आहे, थोडा प्रभाव कमी पडला,” असे काहीतरी पुटपुटून मी गाडीत बसलो.

या लेखाचा विषय बर्फावरचे नर्तन आहे. फिगर स्केटिंग या खेळाचा २०२१-२२ चा आंतरराष्ट्रीय हंगाम, त्याच्या मागचा गुणांकनाचा शंभरेक वर्षांचा झगडा आणि त्यातून आपल्या समीक्षाव्यवहाराला विचारता येणारे काही प्रश्न. बर्फाशी आमचा संबंध लग्नातल्या लाद्यांपुरता आणि उन्हाळ्यातल्या गोळ्यापुरता. तरीही हा खेळ मी गेली काही वर्षे नेटाने पाहतो आहे, त्याचे नियम वाचतो आहे, कारण म्हाताऱ्याच्या प्रश्नाशी इतका थेट भिडलेला दुसरा कलाप्रकार मला माहीत नाही.

● सहापैकी सहा

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते. फिगर स्केटिंगमध्ये माणूस निकाल देतो. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळाडू संगीतावर बर्फावर फिरतो, गिरक्या घेतो, हवेत उडी मारून दोन, तीन, चार फेऱ्या पुऱ्या करून एका पायावर उतरतो. ते किती अवघड होते आणि किती सुंदर होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे परीक्षकांना आकड्यात द्यावी लागतात. जुन्या पद्धतीत हे उत्तर शून्य ते सहा या श्रेणीत असे. एक गुण तांत्रिक बाजूचा, दुसरा कलात्मक परिणामाचा. हा दुसरा म्हणजे आमच्या पत्रिकेतला पाचवा रकानाच.

या पद्धतीचे सर्वोच्च शिखर म्हणून १४ फेब्रुवारी १९८४ या तारखेकडे बोट दाखवले जाते. साराजेव्हो येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या जेन टॉरविल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी रॅव्हेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य केले. ती पूर्वी विमा कंपनीत कारकून होती, तो पोलीस शिपाई. नऊच्या नऊ परीक्षकांनी कलात्मक परिणामाला सहापैकी सहा गुण दिले.

या कृतीकडे नीट पाहिले तर तिचा पहिला विशेष नियमाच्या चौकटीतूनच निघालेला दिसतो. संगीत नियमापेक्षा काही सेकंदांनी मोठे होते, आणि आणखी कापले तर त्याचा चढ मोडला असता. पण वेळ मोजला जाई तो बूटाचे पाते बर्फाला लागून स्केटिंग सुरू झाल्यापासून. म्हणून दोघांनी सुरुवातीचे सुमारे अठरा सेकंद गुडघ्यांवर बसून, फक्त धड आणि हात हलवत काढले. नियमातून काढलेली पळवाट त्या नृत्याचा सर्वांत देखणा आरंभ ठरली. वृत्ताची मात्रा सांभाळताना कवीला कधी कधी एरवी न सुचणारा शब्द सापडतो, तसे हे.

दुसरा विशेष सांगायला मला मर्ढेकरांची मदत घ्यावीशी वाटते. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी लयीचे तीन नियम मांडले : संवाद, विरोध आणि समतोल. मराठीत या नियमांची चर्चा बहुतेक वेळा कवितेच्या आणि चित्राच्या संदर्भात झाली. पण ते ‘बोलेरो’ला लावून पाहा. १९२८ च्या या रचनेत ढोलाचा एकच ठेका पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत चालू राहतो, सूरही तोच तोच परत येतो, हा संवाद. त्याच ठेक्यावर एकेक वाद्य चढत जाऊन आवाज असह्य होईपर्यंत वाढतो. न बदलणारे आणि सतत वाढणारे यांचा हा विरोध. आणि अगदी शेवटी सगळी इमारत एकदम कोसळते. टॉरविल आणि डीन यांच्या कथेत हे प्रेमिक ज्वालामुखीत उडी घेतात. शेवटच्या सुरावर दोघेही बर्फावर आडवे पडतात. ते पडणे म्हणजे समतोल. चार मिनिटे वर वर चढवलेला ताण तिथे फिटतो. हे पडणे लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

आता प्रश्न असा, की सहापैकी सहा या आकड्याने यातले काय सांगितले? खरे तर काहीच नाही. त्याने फक्त मान तुकवली. जुन्या पद्धतीत गुणांना स्वतंत्र अर्थ जवळजवळ नव्हताच. ते क्रम लावण्याचे साधन होते. अंतिम निकाल परीक्षकाने कुणाला कितवा क्रमांक दिला यावरून ठरे. म्हणून सुरुवातीला येणाऱ्या खेळाडूला हात राखून गुण द्यावे लागत. मागाहून कुणी अधिक चांगला आला तर त्याला जागा हवी. भजनस्पर्धेत चिठ्ठीत पहिला क्रमांक निघालेल्या मंडळाचे चेहरे का पडतात, ते मांडवात बसलेल्या कुणालाही विचारावे. गावागावांत हीच पद्धत आहे, फक्त तिला नाव नाही.

● रेघांचा हिशेब

या खेळाच्या नावातच एक विसरलेला इतिहास आहे. ‘फिगर’ म्हणजे बर्फावर पात्याने काढायच्या ठरावीक आकृत्या : वर्तुळे, आठाचे आकडे, वळसे. खेळाडू रेघ काढी, परीक्षक वाकून ती पाहत. १९७२ च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये एकूण गुणांत निम्मा वाटा या आकृत्यांचा होता. ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शूबाने त्यात एवढी आघाडी घेतली, की मुक्त नर्तनात सातवी येऊनही सुवर्णपदक तिलाच मिळाले. मुक्त नर्तनात पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन कांस्यपदकावर राहिली. लिन त्या नर्तनात एका गिरकीत खाली बसली, हसली, उठली आणि नाचत राहिली. जपानी प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले.

शूबावर अन्याय करू नये. ती जे करत होती ते अस्सल कौशल्य होते, आणि ते तपासताही येत होते. रेघ वाकडी की सरळ, हे बर्फावर दिसते. पण प्रेक्षकाला ती रेघ दिसत नव्हती, विशेषतः दूरचित्रवाणीवर. आकृत्यांचा वाटा पुढे कमी कमी होत गेला आणि १९९० नंतर त्या स्पर्धेतून गेल्या. तपासता येणारी गोष्ट गेली, प्रभाव उरला. आपल्याकडे छंदाची सक्ती सुटल्यावर काव्यसमीक्षेपुढे जी अडचण उभी राहिली, तिच्याशी याचे नाते आहे. मात्रा मोजता येत होत्या तोवर वाईट कवितेला निदान वाईट वृत्त म्हणता येत होते.

प्रभावाचा रकाना किती पोकळ असू शकतो, हे २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत उघडे पडले. जोड्यांच्या स्पर्धेत रशियाचे बेरेझनाया आणि सिखारुलिद्झे आणि कॅनडाचे जेमी साले आणि डेव्हिड पेल्टिए आमनेसामने होते. रशियन जोडीकडून एका उडीच्या उतरणीत चूक झाली. कॅनडाची जोडी निर्दोष नाचली. निकाल मात्र पाच विरुद्ध चार परीक्षकांनी रशियाच्या बाजूने लागला. फ्रान्सच्या परीक्षक बाईंनी आपल्यावर मत देण्यासाठी दडपण आल्याचे सांगितले, नंतर ते नाकारले. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले आणि त्या बाईंवर व त्यांच्या देशाच्या संघटनेच्या अध्यक्षांवर तीन वर्षांची बंदी आली.

हे प्रकरण वाचताना मला चहाचा कप आठवला, हे सांगायला हवे. जग त्या बाईंना नावे ठेवत होते. मला त्यांचे दडपण ओळखीचे वाटत होते. दडपण देणारा माणूस सहसा दुष्ट नसतो. तो चहा घेऊन येतो. आणि दडपण नेहमी त्याच रकान्यातून आत शिरते, ज्याची व्याख्या केलेली नसते. ‘ताल’ या रकान्यात मी पाच गुण कापू शकलो नसतो. सगळ्या मांडवाने ताल ऐकला होता.

● हिशेबाची नवी वही

त्या घोटाळ्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने सहाची श्रेणी मोडीत काढली. २००४ मध्ये स्वीकारलेली नवी पद्धत २००६ च्या ट्यूरिन ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आली. तिची रचना साधारण अशी : प्रत्येक उडी, गिरकी, पदन्यासाची मालिका यांना ठरलेले मूळ मूल्य. तांत्रिक मंडळ चित्रफीत पाहून ठरवते, की फेऱ्या पुऱ्या झाल्या की नाही. मग परीक्षक त्या एका घटकाची प्रत उणे पाच ते अधिक पाच अशी ठरवतात (ही श्रेणी २०१८ पूर्वी तीनपर्यंत होती). टोकाचे गुण वगळून सरासरी काढतात. कलात्मक बाजूसाठी पाच वेगळे घटक होते. २०२२ नंतर ते तीन झाले : रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य. स्पर्धा संपली की सगळा तक्ता प्रसिद्ध होतो.

या तक्त्याचे मोल मला फार वाटते. हरलेली मुलगी तो उघडून पाहू शकते, की तिसऱ्या उडीत पाव फेरी कमी पडली, अमुक गिरकीत आवश्यक तेवढ्या फेऱ्या झाल्या नाहीत, तमुक घटकाला नऊपैकी सात परीक्षकांनी उणे दिले. ‘कोठं चुकलो’ या प्रश्नाचे उत्तर तिला मिळते. आपल्याकडच्या किती परीक्षणांतून लेखकाला असे उत्तर मिळते? ‘कथा मनाची पकड घेते’, ‘शैली ओघवती आहे’, ‘कादंबरी अधिक खोल जायला हवी होती’. ही सगळी वाक्ये पाचव्या रकान्यातली आहेत. मी स्वतः अशी कितीतरी लिहिली आहेत.

पण वहीचाही स्वभाव असतो. जे मोजले जाते ते वाढते. नव्या नियमात कार्यक्रमाच्या उत्तरार्धात मारलेल्या उडीला दहा टक्के अधिक मूल्य होते, कारण थकल्यावर उडी अवघड. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या अलिना झागितोवाने आपल्या सगळ्याच उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि सुवर्णपदक जिंकले. नियमाच्या दृष्टीने ते चोख होते. रचनेच्या दृष्टीने मात्र पूर्वार्ध म्हणजे नुसती वाट पाहणे. पहिल्या अंकात काहीच घडू द्यायचे नाही आणि दुसऱ्या अंकात सगळे आघात ओतायचे, असे नाटक कुणी लिहिले तर त्याला आपण काय म्हणू? त्यानंतर संघटनेने नियम बदलला. अधिक मूल्य लघुकार्यक्रमात शेवटच्या एका आणि मुक्त कार्यक्रमात शेवटच्या तीनच उड्यांना ठेवले. टॉरविल आणि डीन यांनीही नियमाचा फायदा घेतलाच होता. फरक एवढाच, की त्यांनी तो संगीत वाचवण्यासाठी घेतला आणि झागितोवाच्या चमूने गुण वाढवण्यासाठी. तक्त्यात हा फरक लिहायला जागा नाही.

आणखी एक विसंगती. पारदर्शकतेसाठी आणलेल्या या पद्धतीत सुरुवातीची अनेक वर्षे कोणत्या परीक्षकाने कोणते गुण दिले हे लपवले जात होते. परीक्षकांवर दडपण येऊ नये, हे कारण. २०१६ मध्ये ती गुप्तता काढली. बिनसहीच्या गुणांवर विश्वास कुणी ठेवावा? माझ्या पत्रिकेवर निदान सही होती. म्हणूनच ती आजही मला टोचते.

● त्या हंगामातली मुलगी

२०२१-२२ चा हंगाम सुरू झाला तेव्हा कमिला वालिएवा पंधरा वर्षांची होती. मोठ्यांच्या गटातला तिचा तो पहिलाच हंगाम. मुक्त नर्तनासाठी तिने निवडले होते तेच ‘बोलेरो’. नोव्हेंबरात सोचीच्या स्पर्धेत तिने एकूण २७२.७१ गुण मिळवले; महिलांच्या गटात तेवढे कुणी मिळवले नव्हते. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगमध्ये सांघिक स्पर्धेत ऑलिम्पिकमध्ये चार फेऱ्यांची उडी यशस्वीपणे मारणारी ती पहिली स्त्री ठरली. मी ते मोबाइलवर पाहिले. हात डोक्यावर नेऊन चार फेऱ्या घेणारी ती सडपातळ मुलगी पाहताना नव्या वहीचा आणि जुन्या प्रभावाचा झगडा मिटल्यासारखा वाटला. अवघड तेच सुंदर झाले होते.

मग बातमी आली, की २५ डिसेंबर रोजी रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकारावरचे, खेळाडूंना बंदी असलेले औषध सापडले आहे. क्रीडा लवादाने १४ फेब्रुवारीला तिला खेळायची परवानगी दिली. कारणांत तिचे अल्पवयीन असणे होते. टॉरविल आणि डीन यांच्या ‘बोलेरो’ला त्या दिवशी बरोबर अडतीस वर्षे झाली होती. ऑलिम्पिक समितीने जाहीर केले, की ती पहिल्या तिघींत आली तर पदकप्रदान होणार नाही. म्हणजे सोबतच्या मुलींचे पदकही तिच्या पायांवर बांधले गेले.

१७ फेब्रुवारीच्या रात्री लघुकार्यक्रमात पहिली असलेली ती बर्फावर आली. इकडे नागऱ्यात महाशिवरात्र बारा दिवसांवर आली होती. शिवमंदिराच्या जुन्या दगडी भिंतींशी यात्रेची बोलणी सुरू होती. मी अंगणात खुर्ची टाकून मोबाइल धरून बसलो होतो. तोच ठेका, तोच चढत जाणारा सूर. ती अडखळली. पडली. उठली आणि पुन्हा अडखळली. संगीताला कळत नव्हते, की नर्तिका मोडली आहे. ते नियमाप्रमाणे चढतच गेले. संवाद आणि विरोध दोन्ही जागेवर होते, पण समतोल येण्याआधीच ती पुन्हा पुन्हा कोसळत होती. १९८४ मध्ये शेवटी आलेले पडणे रचनेचा कळस होता. इथले पडणे रचनेच्या बाहेरचे होते, आणि तक्त्यात त्याची नोंद एकच : पडल्याबद्दल वजा एक.

मुक्त नर्तनात ती पाचवी आली आणि एकूण २२४.०९ गुणांसह चौथी. अ‍ॅना शेर्बाकोवाला २५५.९५ गुणांचे सुवर्ण, चार फेऱ्यांच्या पाच उड्या मारणाऱ्या अलेक्झांड्रा त्रुसोवाला रौप्य, जपानच्या काओरी साकामोतोला कांस्य. साकामोतोकडे चार फेऱ्यांची एकही उडी नव्हती. होता तो वेग, लांब झुळझुळीत धार आणि एकवीस वर्षांचे शांत शरीर. बर्फाबाहेर आलेल्या वालिएवाला प्रशिक्षिकेने पहिले काय विचारले, तर तू झुंजणे का सोडलेस. सुवर्ण जिंकलेली मुलगी बाहुली धरून एकटी बसली होती. रौप्य जिंकलेली रडत, आता पुन्हा बर्फावर उतरणार नाही म्हणत होती.

जानेवारी २०२४ मध्ये लवादाने वालिएवाला चार वर्षांची बंदी घातली. २५ डिसेंबर २०२१ पासूनचे तिचे निकाल रद्द झाले. त्याआधी जून २०२२ मध्ये संघटनेने मोठ्यांच्या गटात खेळण्याचे किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करण्याचे ठरवले. वहीत एक नवा रकाना आला. पण तो किती उशिरा आला! त्या हंगामातले तक्ते मी काढून वाचले आहेत. त्यात खोटे असे काही सापडत नाही. उड्यांच्या फेऱ्या बरोबर मोजल्या आहेत, सरासरी बरोबर काढली आहे. सॉल्ट लेक सिटीत गुण खोटे होते आणि नाचणारे खरे होते. बीजिंगमध्ये गुण खरे होते आणि तरीही काहीतरी भयंकर घडले. हलके, वयात न आलेले शरीर हवेत अधिक फेऱ्या घेऊ शकते, आणि पद्धत त्याच फेऱ्यांना मोल देत होती. कुणी चहा घेऊन आले नव्हते. दडपण नियमातच होते.

● आपल्याकडे

हे सगळे परक्या बर्फावरचे म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे मल्लखांब. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आमच्या विदर्भातल्या, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत जर्मनीतच, गार्मिशच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये नॉर्वेच्या सोन्या हेनीने फिगर स्केटिंगचे तिसरे सुवर्णपदक जिंकले होते. तिला गुण मिळाले. आपल्या मुलांना टाळ्या. तेव्हा ते बरेच होते की वाईट, हे ठरवणे सोपे नाही. पुढे मल्लखांबाच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, ‘खेलो इंडिया’त त्याला स्थान मिळाले. आता तिथेही अवघडपणाचे आणि सफाईचे गुण आहेत, आणि दोरीवर चढणारी मुले लहानच असतात. हा खेळ जगात नेताना वयाचा आणि शरीराचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा, एवढी गोष्ट वालिएवाच्या हंगामातून घेण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण नाटकाचे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. २०२२ मध्ये, म्हणजे बीजिंगच्याच वर्षी, परीक्षकांनी मानाचा करंडक कुणालाच दिला नाही. त्या योग्यतेची एकांकिका नाही असे ठरवले. बरीच चर्चा झाली. मला त्या निर्णयात दोन गोष्टी दिसतात. एक, क्रम लावणे म्हणजे मूल्यमापन नव्हे, हे त्यातून ठामपणे सांगितले गेले. पहिला आलेला उत्तम असतोच असे नाही. सहाच्या श्रेणीला हे सांगता येत नव्हते. आणि दोन, रिकामी ठेवलेली जागा ही सर्वांत कठोर समीक्षा असते, म्हणून तिच्यावर स्पष्टीकरणाचे ओझेही सर्वांत जास्त असते. महिनोन्‌महिने तालीम केलेल्या मुलांना ‘कोठं चुकलो’ हे विचारण्याचा हक्क विजेत्यांपेक्षा अधिक असतो.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कांटच्या आधारे जी अडचण उलगडून दाखवली ती शेवटी इथेही आडवी येते. सौंदर्यविधान सगळ्यांनी मान्य करावे अशी आपली अपेक्षा असते, पण ते पटवायला नियम पुरत नाहीत. नियमांनी सिद्ध झाले असते तर ते सौंदर्याचे विधान राहिले नसते. म्हणून एकूण प्रभावाचा रकाना कुठल्याच वहीतून पुरता जाणार नाही. फिगर स्केटिंगवाल्यांनी त्याचे पाच तुकडे केले, मग तीन. तरी तो उरलाच. माझा आग्रह तो काढून टाकण्याचा नाही. तो भरणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात एवढेच. गुण दिल्यावर समोरच्याला दोन वाक्यांत कारण सांगता आले पाहिजे. खाली सही पाहिजे. आणि हे सादर करणाऱ्याला त्याची किंमत काय पडली, हे पाहण्याची जबाबदारी गुणपत्रिकेत नसली तरी परीक्षकाची आहे. पहिल्या दोन गोष्टी सॉल्ट लेक सिटीने शिकवल्या, तिसरी बीजिंगने.

समीक्षकालाही हे लागू आहे. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रात्री एक वाजता तिसऱ्या फेरीत बसलेल्या आवाजाने वरची पट्टी ओढत असताना आम्ही तिघे परीक्षक ‘स्वर’ या रकान्यात किती गुण कापावेत याचा विचार करत बसलो होतो, असेही माझ्या आयुष्यात घडले आहे. तिला झोपायला पाठवा, असे तेव्हा आमच्यापैकी कुणी म्हणाले नाही.

२०२२ च्या त्या रात्रीनंतर काही दिवसांनी मी नदीपलीकडच्या गावी गेलो. खंजिरीवादक फार थकला होता, खाटेवर पडून होता. मी कपाटातली पत्रिका बरोबर नेली होती. ती त्याच्यापुढे धरून मी सांगितले, की तुम्ही कोठेही चुकला नव्हता. पाचव्या रकान्यातले बारा माझे आहेत. त्याने कागद पाहिला नाही. म्हणाला, “मले मालूम होतं जी.” मग बराच वेळ गेल्यावर म्हणाला, “पण ते पोरं मंग आलेच नाही.” मंडळातली दोन-तीन तरुण मुले त्या निकालानंतर भजन सोडून गेली होती. मंडळ त्याच वर्षी बंद पडले.

हे मला माहीत नव्हते. पत्रिका मी परत आणली. हल्ली कुठे परीक्षक म्हणून बोलावले तर आधी आयोजकांकडे रकाने मागून घेतो. ‘एकूण प्रभाव’ या रकान्यासमोर दोन ओळींची जागा मोकळी सोडायला लावतो, आणि ती जागा भरल्याशिवाय आकडा लिहीत नाही. निकाल उशिरा लागतो, अशी तक्रार येते. लहान मुलांच्या फेऱ्या दहाच्या आत संपवा म्हटले, की तीही तक्रार येते. चहा मात्र मी आता निकाल लागल्यावरच घेतो.